नोंदी आपल्या, कुलूपही आपलेच



ऊस काट्यावर आला, वजन झाले, पावती हातात पडली की आपण निर्धास्त होतो. पण त्या पावतीची मूळ नोंद आता वहीत नसते, ती संगणकात असते. पूर्वी शेअर्सची खतावणी, ऊस नोंदीचे रजिस्टर, ठेवींची पुस्तके लोखंडी कपाटात असत आणि कपाटाची किल्ली कोणाच्या कमरेला आहे हे शिपायालाही ठाऊक असे. आज लागणीची तारीख, गट नंबर, टनेज, बिल, बँक खाते, आधार क्रमांक, वारसाचे नाव हे सारे तळहाताएवढ्या एका डिस्कवर मावते. डिस्क बिघडली तर काय, म्हणून तिची राखीव प्रत काढतात. ती दुसऱ्या ठिकाणी ठेवतात. हे शहाणपणाचेच आहे.

पण समजा, ती प्रत नेताना पिशवी एस.टी.त राहिली. ज्याच्या हाती लागेल त्याने ती आपल्या संगणकाला जोडली की हजारो सभासदांची खाती त्याच्यापुढे उघडी! कपाटाला कुलूप आणि नकलेला मात्र काहीच नाही, असा हा प्रकार. यावर उपाय म्हणजे राखीव प्रत सांकेतिक करून ठेवणे. म्हणजे मजकूर अशा रीतीने पालटून टाकायचा की किल्लीशिवाय तो निव्वळ कचरा दिसावा.

कोणी म्हणेल, याला मोठा खर्च येत असेल. तसे नाही. यासाठीची चांगली साधने फुकट मिळतात आणि त्यांची घडण कोणालाही तपासता येते. त्यांना रंगीत पडदे, बटणे नसतात. काळ्या पडद्यावर आज्ञा टाईप करायची, एवढेच. याचा फायदा असा की तीच आज्ञा रोज रात्री ठरल्या वेळी संगणक आपण होऊन चालवू शकतो. माणूस विसरला तरी काम चुकत नाही.

यातले जुने व नावाजलेले साधन म्हणजे ‘जीपीजी’. फिल झिमरमन या अमेरिकन गृहस्थाने १९९१ मध्ये ‘पीजीपी’ नावाचे साधन लोकांना दिले. त्यापायी त्याच्यामागे सरकारी चौकशी लागली. ती १९९६ मध्ये सोडून देण्यात आली. त्याच धर्तीवर जर्मनीच्या वेर्नर कोख यांनी जीपीजी तयार केले. ‘जीपीजी’, मग आडवी रेघ व ‘सी’ हे अक्षर, आणि पुढे फाईलचे नाव टाईप केले की ते परवलीचा शब्द विचारते आणि कुलूपबंद प्रत तयार करते. मात्र एक ध्यानात ठेवावे. मूळ उघडी फाईल तिथेच राहते! नवखा माणूस इथेच फसतो. म्हणून जाणकार आधी ‘टार’ने सगळ्या फाईलींची एक मोळी बांधतात आणि ती डिस्कवर न उतरवता थेट जीपीजीच्या तोंडी देतात. मोळी आकसायची असेल तर ती कुलूप लावण्याआधी. सांकेतिक झालेला मजकूर मग दबत नाही.

दुसरी रीत दोन किल्ल्यांची. एक किल्ली फक्त बंद करते, दुसरी फक्त उघडते. टपालपेटीत पत्र कोणीही टाकावे, काढणारा मात्र पोस्टमनच, तसे हे. काट्यावरच्या संगणकात बंद करणारी किल्ली ठेवली की पुरे. तो संगणक कोणी पळवून नेला तरी त्यातल्या किल्लीने आधीच्या प्रती उघडत नाहीत. जीपीजीत ही सोय आहे, आणि ‘एज’ या अलीकडच्या सुटसुटीत साधनातही.

कधी फाईली नव्हे तर अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रतिमा घेतात. ‘डीडी’ हे साधन ते काम करते. पुसलेल्या फाईलींचे अवशेषही त्या प्रतिमेत उतरतात, म्हणून तिला कुलूप अधिकच हवे. डीडीला कुठून घ्यायचे व कुठे टाकायचे हे उलटे सांगितले तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि होत्याचे नव्हते होते.

संपूर्ण डिस्कला कुलूप घालायचे तर लिनक्सवर ‘क्रिप्टसेटअप’ आहे. ते बसवताना डिस्कवरचा आधीचा मजकूर हातचा जातो, म्हणून ‘येस’ हा शब्द इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहून घेतल्याशिवाय पुढे जात नाही. एकाच डिस्कला वेगवेगळ्या माणसांच्या वेगवेगळ्या किल्ल्या ठेवता येतात. एखादा कर्मचारी निवृत्त झाला तर त्याची तेवढी किल्ली रद्द करावी. डिस्कच्या आरंभी या किल्ल्यांची नोंद असते. तो भाग खराब झाला तर परवलीचा शब्द पाठ असूनही डिस्क उघडत नाही. म्हणून त्या नोंदीचीही वेगळी प्रत ठेवावी.

आता कुलूप कितपत मजबूत? १९७७ ची ‘डीईएस’ नावाची पद्धत १९९८ मध्ये खास बनवलेल्या यंत्राने ५६ तासांत फोडली. २००१ मध्ये तिच्या जागी आलेली ‘एईएस’ अशी फोडणे आजही कोणाला जमलेले नाही. चोर भिंत फोडत बसत नाही, तो उघडी खिडकी शोधतो. कारखान्याचे नाव आणि पुढे साल, असा परवलीचा शब्द म्हणजे उघडी खिडकीच. फासे टाकून निवडलेले सहा-सात असंबद्ध शब्द ओळीने घ्यावेत.

आणखी एक गैरसमज दूर करू. कुलूप चोरीपासून वाचवते, नासधुशीपासून नाही. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ नावाच्या संगणकी रोगाने मर्स्क या जहाज कंपनीचे कामकाज जगभर ठप्प केले. आपल्या न्हावा-शेवा बंदरातले तिचे टर्मिनलही अडकले. तिच्या जाळ्याचा मूळ आराखडा सगळीकडे नष्ट झाला, वाचला तो फक्त घाना देशात. का? तर तिथली वीज त्या वेळी गेली होती आणि संगणक बंद होता! भारनियमनाला शिव्या देणाऱ्या आपल्याला हे ऐकून हसू येईल, पण धडा पक्का आहे. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि एक तरी दुसऱ्या गावी, तारेपासून तोडलेली.

शेवटची गोष्ट सर्वात महत्त्वाची. किल्ली हरवली तर उघडून देणारा लोहार जगात नाही. साधन बनवणाराही नाही. एकाच माणसाच्या डोक्यात किल्ली ठेवणे म्हणजे सगळ्या सभासदांचा हिशेब त्या एका जिवावर टांगणे होय. ती कागदावर लिहून, पाकीट लाखेने बंद करून दोन वेगळ्या तिजोऱ्यांत ठेवावी, आणि तिमाहीतून एकदा राखीव प्रत खरोखर उघडून एखाद्या सभासदाचे वजन पावतीशी ताडून पाहावे. न उघडलेली प्रत म्हणजे न उगवलेले बेणे. लावले एवढेच खरे.

तेव्हा मंडळी, वार्षिक सभेत आपण दराचे विचारतो, रिकव्हरीचे विचारतो, तसे हेही विचारा: आमच्या नोंदींची प्रत कुठे आहे, तिला कुलूप आहे का, किल्ली किती जणांकडे आहे, आणि ती शेवटची कधी उघडून पाहिली? संस्था आपली आहे. असे विचारणे म्हणजे कोणावर अविश्वास नव्हे, ती मालकाची राखण आहे.