जुन्या गाडीत डिझेल बसवताय? आधी गिअरबॉक्स बघा

बोळिंज-आगाशी रस्त्यावर महिंद्राचा जुना एफसी पिकअप दिसला की मी थांबतोच. मूळ हरिकेन पेट्रोल इंजिन मिनिटाला ४००० फेऱ्यांना ७२ अश्वशक्ती द्यायचं. त्याजागी ट्रॅक्टर जातीचं डिझेल बसवलं की ताकद खालच्या फेऱ्यांत येते, पण ते साधारण अडीच हजारांवरच दमतं.

आता हिशोब करा. समजा क्राउन-पिनियन ५.३८, टायरचा घेर २.२ मीटर आणि टॉप गिअर थेट. २५०० फेऱ्यांना वेग भरतो जेमतेम ६१ किलोमीटर! विरार फाट्यावरून हायवेला लागा आणि मागचे हॉर्न ऐकत बसा. पाचवा गिअर ०.८ चा असेल तर तेवढ्याच फेऱ्यांत ७७.

पण नुसता पाचवा गिअर बघून बॉक्स उचलू नका. तो डिझेलचा टॉर्क पेलेल का? क्लच प्लेट आणि इनपुट शाफ्टचे दाते जुळतात का? शाफ्टचं टोक पायलट बेअरिंगमध्ये नीट बसतं का? बेल हाउसिंगला अडॅप्टर प्लेट लावलीत तर डायल गेज फिरवाच. नजरेचा अंदाज इथे चालत नाही; केंद्र जरा सरकलं की बेअरिंग खातं.

आणि हो, गाडीतल्या अशा बदलांसाठी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. इंजिन उतरवण्याआधी आरटीओत विचारून या.