गाठोडे लादलेली मोटारसायकल : चेनचा ढिलेपणा आणि दात्यांचा हिशोब

आठवडे बाजारात कपडा विकणारे आपले बरेच बांधव आता टेम्पोची वाट पाहत बसत नाहीत. 100 किंवा 110 सी.सी.ची मोटारसायकल, मागे साड्या-लुंग्यांचे गाठोडे, आणि पहाटे गावाबाहेर. धंद्याच्या दृष्टीने हे ठीकच आहे. मात्र कंपनीने ही गाडी मुख्यतः माणसे नेण्यासाठी बनवली आहे. तिच्याकडून मालाचे काम घ्यायचे तर दोन गोष्टींकडे जरूर लक्ष द्यावे लागते. एक, चेनचा ढिलेपणा. दुसरी, पुढच्या-मागच्या चक्रांच्या दात्यांचे प्रमाण. चढावर गाडी ओढत नाही म्हणून इंजिन उघडायला देण्याआधी या दोन गोष्टी तपासाव्यात. खर्च थोडा, फायदा मोठा.

आधी ढिलेपणा पाहू. पुढच्या व मागच्या चक्राच्या मधोमध चेनचा खालचा पदर बोटाने वर-खाली करावा. छोट्या गाड्यांत साधारण 20 ते 30 मिलिमीटर खेळ असतो. आपल्या गाडीचा नेमका आकडा आणि तो कोणत्या स्टँडवर मोजायचा, हे गाडीच्या पुस्तकात दिलेले असते. एकाच जागी मोजून थांबू नये. चाक हळूहळू फिरवून चार-पाच ठिकाणी पाहावे, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. जिथे ती सर्वांत तंग लागेल, तिथला खेळ हिशोबात धरावा.

बहुतेकांची गफलत होते ती इथेच. चेन रिकाम्या गाडीवर बसवतात आणि नंतर वर माल लादतात. वजन पडले की मागचे शॉकअप्स दबतात आणि मागचे चाक वर सरकते. ते सरकताना चाकाचा आस, ज्या लांब फोर्कवर चाक बसते त्याची खीळ आणि पुढचे चक्र एका रेषेच्या जवळ येतात. त्या क्षणी चेन सर्वांत जास्त ताणलेली असते. म्हणजे रिकाम्या गाडीवर बरोबर वाटणारी चेन भरल्या गाडीवर तंग होते. खड्ड्यात चाक आणखी उसळले की सगळा झटका गिअरबॉक्सच्या शाफ्टवर, त्याच्या बेअरिंगवर आणि ऑइल सीलवर बसतो. पुढे तेल गळू लागते आणि दोष इंजिनला दिला जातो.

म्हणून पुस्तकाप्रमाणे चेन लावून झाली की रोजचा माल बांधावा, स्वतः बसावे आणि दुसऱ्या माणसाला चेन पुन्हा दाबून पाहायला सांगावे. भरल्या गाडीवरही थोडा खेळ उरलाच पाहिजे. वजन अर्थातच कंपनीने सांगितलेल्या मर्यादेत असावे. उलट फार ढिली चेनही वाईट. ती दात्यांवरून उतरते, कधी अडकून मागचे चाक जाम करते. घाटाच्या उतारावर असे झाले तर माल जाईलच, माणूसही वाचेल याचा भरवसा नाही.

आता दात्यांचा हिशोब. यंत्रमागावर काम केलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. पिकाचे चक्र बदलले की इंचातले पीक बदलते, तसेच हे. समजा पुढच्या चक्राला 14 दाते आहेत आणि मागच्या चक्राला 42. मागचे चाक एकदा फिरायला पुढचे चक्र 3 वेळा फिरते. पुढे 14 च्या जागी 13 दाते लावले तर ते 3.23 वेळा फिरेल. ओढ सुमारे पावणेआठ टक्के वाढते. त्याची किंमत वेगात मोजावी लागते. इंजिनाच्या ज्या फेऱ्यांवर गाडी ताशी 60 किलोमीटर जात होती, त्याच फेऱ्यांवर आता 56 च्या आत राहील. सपाट रस्त्यावर इंजिन जास्त फिरेल आणि पेट्रोलही जास्त जाईल.

तेव्हा भिवंडीहून रोज कसारा घाट चढणाऱ्याने किंवा कोकणात कशेडी घाट ओलांडणाऱ्याने हा बदल जरूर विचारात घ्यावा. सपाटीवर फिरणाऱ्याने तो करू नये. गाडी वॉरंटीत असेल तर आधी डीलरला विचारावे.

पुढचा एक दाता कमी करणे आणि मागचे सुमारे तीन वाढवणे, दोन्हींचा परिणाम जवळपास सारखा. पुढचे चक्र स्वस्त पडते, पण ते लहान झाले की चेन जास्त वाकते आणि लवकर झिजते. मागचे मोठे केले तर चेनही लांब लागू शकते आणि कव्हरला घासण्याचा संभव असतो.

दाते बदलले की ढिलेपणाही बदलतो, हे विसरू नये. छोट्या गाड्यांच्या चेनचा पिच, म्हणजे एका पिनपासून दुसऱ्या पिनपर्यंतचे अंतर, बहुधा अर्धा इंच, म्हणजे 12.7 मिलिमीटर असते. एक दाता कमी केला तर चाक सुमारे 3 मिलिमीटर मागे घ्यावे लागते. दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवाव्यात, नाहीतर चाक तिरके बसते. त्यानंतर मागच्या ब्रेकचा रॉडही पुन्हा लावावा.

या चेनचे नाते आपल्या कापड धंद्याशी जुने आहे. 1879 साली हान्स रेनॉल्ड यांनी मँचेस्टरजवळ सॅलफर्ड येथे कापड यंत्रांच्या चेन बनवणारा छोटा कारखाना विकत घेतला, आणि 1880 साली बुश-रोलर चेन काढली. आपल्या गाडीवर तीच जात आहे. पिन आणि बुश एकमेकांवर घासून झिजतात, म्हणून चेन लांबते. वर सांगितलेल्या पिचच्या चेनचे 20 पिच, म्हणजे 21 पिना, मोजाव्यात. नव्या चेनमध्ये ते अंतर 254 मिलिमीटर भरते. 259 पर्यंत गेले तर चेन संपली असे समजावे. अशा वेळी गॅरेजात ज्याला चेन-सॉकेट म्हणतात तो पूर्ण सेट बदलावा. जुन्या दात्यांवर नवी चेन टाकली तर तीही लवकर जाते. लॉकच्या क्लिपचे बंद तोंड चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला असावे.

पावसात फिरल्यावर चेन पुसून 90 नंबरचे गिअर ऑइल लावावे. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी दहा मिनिटे या कामाला द्यावीत. जो माणूस कपडा मीटरने मोजून देतो, त्याला चेन मिलिमीटरने मोजणे काही अवघड नाही.