विजेवरील मोटारीची बॅटरी बिघडते तेव्हा

मुरबाड तालुक्यातून रेल्वे जात नाही. शहापूर तालुक्यातून ती जाते; परंतु आसनगाव, आटगाव, खर्डी आणि कसारा या स्थानकांपासून डोळखांब, किन्हवली भागातील गावे बरीच आत आहेत. तेथील शिक्षक, आरोग्यसेवक, लहान व्यापारी यांना स्वतःच्या वाहनावाचून गत्यंतर नसते. पेट्रोलचा खर्च परवडेनासा झाल्याने यांपैकी काहींनी विजेवर चालणारी मोटार घेतली आणि काहींनी तीच मोटार दुसऱ्याकडून जुनी म्हणून विकत घेतली. अशा मोटारीच्या दर्शनीवर एके दिवशी बॅटरीच्या दोषाचा तांबडा दिवा लागला, की कुटुंबापुढे मोठाच प्रश्न उभा राहतो. बॅटरी हा मोटारीतील सर्वांत महाग भाग होय. जुन्या मोटारीच्या बाबतीत नव्या बॅटरीची किंमत कधी कधी खुद्द मोटारीच्या बाजारभावाशी स्पर्धा करते. अशा वेळी दुरुस्ती करावी, बॅटरी बदलावी, आहे तसे वापरावे, की मोटार विकून टाकावी?

याचे उत्तर किमतीपासून शोधू लागल्यास फसगत होते. ते दोषाच्या स्वरूपापासून शोधावे लागते.

दोष नेमका कोठे?

विजेवरील मोटारीत बॅटऱ्या दोन असतात, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. एक मोठी, तळाशी बसविलेली, सुमारे तीनशे किंवा त्याहून अधिक व्होल्टची. दुसरी बारा व्होल्टची, कोणत्याही साध्या मोटारीत असते तशी. ही धाकटी बॅटरी उतरली, तर मोटार मुळीच सुरू होत नाही आणि दर्शनीवर नाना प्रकारचे इशारे उमटतात. दोष धाकटीचा आणि आळ थोरलीवर, असे सहज घडू शकते. म्हणून प्रथम तिची तपासणी करून घ्यावी. ती बदलण्याचा खर्च तुलनेने अगदी किरकोळ असतो.

दुसरे ठिकाण म्हणजे घरचे आर्थिंग. उन्हाळ्यात कातळाळ जमीन कोरडी पडते, आर्थिंगचा खड्डा निकामी होतो आणि सुरक्षिततेसाठी चार्जर वीज घेण्याचे नाकारतो. मोटार चार्ज होत नाही म्हणजे बॅटरी गेली, असा समज होतो. खड्ड्यात पाणी घालून आणि परवानाधारक तंत्रज्ञाकडून जोडणी तपासून घेतल्यावर असा ‘दोष’ नाहीसा होतो. हीच मोटार दुसऱ्या ठिकाणी व्यवस्थित चार्ज होत असेल, तर दोष मोटारीत नाही हे उघड आहे.

झीज आणि बिघाड

दोष थोरल्या बॅटरीतच आहे असे ठरल्यावर खरा विचार सुरू होतो. या बॅटरीत शंभराच्या आसपास किंवा त्याहून अधिक घट एकापुढे एक जोडलेले असतात. कार्यशाळेत त्यांना सेल म्हणतात. माळेतील एक घट अशक्त झाला, तर संपूर्ण माळेला त्याच्याच चालीने चालावे लागते, कारण तो रिकामा होताच नियंत्रक यंत्रणा वीजपुरवठा तोडते. उरलेल्या घटांत शिल्लक असलेली वीज मग उपयोगी पडत नाही.

सर्व घट सारखेच म्हातारे झाले असतील, तर ती झीज होय. मोटार पूर्वीपेक्षा कमी अंतर जाते, एवढेच. समजा, किन्हवलीच्या एका शिक्षकाची मोटार नवी असताना २०० किलोमीटर जात होती आणि आता बॅटरीची क्षमता ७० टक्के उरली आहे. म्हणजे १४० किलोमीटर. त्यातील पाचवा हिस्सा राखून ठेवला, तरी ११२ किलोमीटर हाती राहतात. रोजचे जाणे-येणे ६० किलोमीटरचे असेल, तर या गृहस्थांनी बॅटरीवर काही लाख रुपये खर्च करण्याचे कारण नाही.

एखादाच घट किंवा घटांचा एखादा संच बिघडला असेल, तर चित्र वेगळे दिसते. तीस टक्के वीज दाखविणारा आकडा एकाएकी पाचवर येतो आणि मोटार रस्त्यात थांबते. सपाट रस्त्यावर हे लपून राहते. घाटात उघडे पडते. दीड टन वजनाची मोटार कसाऱ्याहून इगतपुरीकडे सुमारे ३०० मीटर वर चढविण्यास निव्वळ उंचीपोटीच सव्वा युनिट वीज लागते, आणि ती अल्पावधीत द्यावी लागते. अशक्त घट तेथे कोलमडतो. म्हणून असा इशारा मिळालेली मोटार दुरुस्तीपूर्वी कसारा वा माळशेज घाटात नेऊ नये. पूर्ण बॅटरी न बदलता केवळ सदोष संच बदलता येतो का, हे अधिकृत सेवा केंद्रास स्पष्टपणे विचारावे आणि प्रत्येक घटाच्या व्होल्टेजचा तपासणी अहवाल लेखी मागावा. तो अहवाल हाती नसताना कोणताही निर्णय घेणे म्हणजे अंधारात चाचपडणेच.

तिसरा प्रकार धोक्याचा. बॅटरीत पाणी शिरणे, तळाला दगड लागून पोचा पडणे, वीजरोधनात दोष येणे. पावसाळ्यात रायते येथे उल्हास नदीचे पाणी पुलावर चढते, आतल्या रस्त्यांवरील मोऱ्याही बुडतात. पाण्यात उभी राहिलेली मोटार सुरू करू नये, चार्जिंगला लावू नये. ती उचलूनच न्यावी. घर, गोठा आणि भाताच्या पेंढ्यापासून ती दूर उभी करावी. बॅटरीचे झाकण गावातील मेकॅनिककडून उघडून घेणे हे प्राणावर बेतणारे आहे. २२ जून २०२२ रोजी वसई येथे एका विजेवरील मोटारीस आग लागली होती. अशा घटना विरळ असल्या, तरी केंद्र शासनाने तिच्या चौकशीचे आदेश दिले होते.

हमी, परत बोलावणी आणि तक्रार

अनेक उत्पादक बॅटरीस ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल तोपर्यंत हमी देतात. मात्र क्षमता किती घटल्यास हमी लागू होते आणि दुसऱ्या मालकास ती मिळते काय, हे हमीपत्रात वाचूनच पाहावे. पाण्याने वा आघाताने झालेली हानी सहसा हमीत बसत नाही. तेथे विमा पाहावा लागतो.

काही वेळा दोष मुळातच कारखान्यातील असतो. ह्युंदाईने डिसेंबर २०२० मध्ये भारतातील ४५६ कोना मोटारी बॅटरीच्या तपासणीसाठी परत बोलावल्या. अमेरिकेत जनरल मोटर्सने २०२१ मध्ये शेव्हरोले बोल्ट या मोटारीच्या सर्वच गाड्या सदोष घटांमुळे परत बोलावल्या. आपल्या मोटारीचा क्रमांक अशा एखाद्या यादीत आहे काय, ही चौकशी विनामूल्य होते; तरीही ती करण्याचे बहुतेकांना सुचत नाही.

मोटार सोडून देण्याचेच ठरले, तर बॅटरी भंगारवाल्यास देता येत नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटरीचे संकलन आणि पुनर्चक्रीकरण ही उत्पादकाची जबाबदारी आहे. विजेवरील घंटागाडी बाळगणाऱ्या ग्रामपंचायतींनीही ती निर्लेखित करताना हे ध्यानात घ्यावे.

हमी असूनही ती नाकारली गेल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. त्यानेही काम न झाल्यास ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगाकडे दाद मागता येत असल्याने मोटार मुंबईत वा पुण्यात घेतली म्हणून मुरबाडच्या ग्राहकास तिकडे खेटे घालावे लागत नाहीत. मोटारीसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल, तर शुल्क नाही. १० लाखांपर्यंत २०० रुपये. खरेदीची पावती, हमीपत्र, सेवा केंद्राच्या प्रत्येक भेटीची नोंद आणि घटांचा तो तपासणी अहवाल एवढे कागद सोबत लागतात.