काचेसारखं पाणी आणि दगडाखालच्या अळ्या

मध्य प्रदेशातल्या जामसांवलीच्या हनुमान मंदिरात मंगळवारी-शनिवारी दर्शनाला आलेल्यांना जाम नदीबद्दल विचारा. उत्तर बहुधा एकच येतं: “पाणी कसं काचेवानी हाये!” पिंपळाखाली पहुडलेल्या हनुमंताच्या नाभीतलं पाणी भाविक तीर्थ म्हणून घेतात. तो श्रद्धेचा विषय, त्याला इथे हात लावायचा नाही. बोलायचं आहे ते मंदिराजवळच्या जाम-सर्पा संगमाबद्दल, आणि गावकऱ्यांनीच तिथलं पाणी, पक्षी, किडे नोंदवायचे म्हटलं की आडवे येणाऱ्या समजांबद्दल.

पहिला समज या काचेचाच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे आणि 100 मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा जिवाणू एकही चालत नाही. हे दोन्ही डोळ्यांना दिसत नाहीत. संत्र्याच्या बागेतलं खत पावसाबरोबर नदीत उतरलं तरी पाणी नितळच दिसेल. उलट श्रावणातला गढूळपणा पाहून लगेच नाक मुरडू नये. काळ्या मातीतून आलेली नदी पावसात गढूळ होणारच.

“मासे हायेत ना, मंग पाणी चांगलंच असंन.” कोणते मासे, हे आधी विचारायला हवं. तिलापिया आणि मांगूर कमी प्राणवायूतही तग धरतात. मांगूर तर पृष्ठभागावर येऊन हवा घेतो. ढिवराला हे आपल्यापेक्षा बरं ठाऊक असतं. पूर्वी कोणते मासे जाळ्यात यायचे आणि आता कोणते येत नाहीत, हे त्याच्याकडून लिहून घेतलं तर ती नोंद एखाद्या महागड्या यंत्राइतकी कामाची ठरते.

वाहतं पाणी आपोआप शुद्ध होतं, हे अर्धं खरं. खळखळाटात हवा मिसळते, जिवाणू सेंद्रिय घाण खातात. पण त्या खाण्यातच पाण्यातला प्राणवायू खर्च होतो, आणि जड धातू खाऊन संपवता येत नाहीत. शिवाय उन्हाळ्यात धार बारीक होते, डोह तेवढे उरतात. तेव्हा वाहणार काय?

सगळ्यात चिवट समज म्हणजे हे प्रयोगशाळेतल्या माणसांचं काम. त्यावरचा उतारा दगडाखाली आहे. गुडघाभर पाण्यातला दगड उचला आणि खालचा गाळ पिठाच्या चाळणीतून पांढऱ्या ताटलीत घ्या. तीन शेपट्यांची, कडेला कल्ले फडफडवणारी मेफ्लायची पिल्लं दिसली, किंवा वाळूच्या कणांचं घरटं पाठीवर घेऊन फिरणारी कॅडिसफ्लायची अळी सापडली, तर पाण्यात प्राणवायू चांगला आहे. चतुराची पिल्लं मधल्या प्रतीची साक्ष देतात. नुसत्याच लाल अळ्या वळवळत असतील तर मामला बिघडलेला. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून अगदी कमी प्राणवायूच्या गाळातही त्या राहू शकतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही अशा तळजिवांवरून पाण्याची प्रत ठरवायची पद्धत बसवली आहे. बाटलीतला नमुना फक्त भरल्या क्षणाचं सांगतो. अळी त्या पाण्यात कित्येक आठवडे राहिलेली असते. पाहून झालं की ती परत सोडायची आणि दगड होता तसाच ठेवायचा.

एकदा तपासलं की झालं, असंही वाटतं. पण विरघळलेला प्राणवायू एकाच दिवसात वर-खाली होतो. शेवाळ दिवसा तो सोडतं आणि रात्री वापरतं, त्यामुळे पहाटे तो सर्वांत कमी असतो. पाणी तापलं की तो आणखी घटतो: 20 अंशाला लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम मावतो, 30 अंशाला साडेसात. अंघोळीच्या नदीसाठी निदान 5 मिलिग्रॅम लागतो. म्हणून जागा तीच, वेळ तीच. फक्त दर्शनाच्या वारी नमुने घेतले तर गर्दीच्या दिवसांचंच चित्र मिळेल, हेही ध्यानात ठेवावं.

स्वयंसेवक म्हणजे झाडू आणि पोती, हा समज मला जास्त खटकतो. कचरा उचलणं चांगलंच, पण मोजणं हे वेगळं काम आहे आणि त्यात फोटोपुरता उत्साह टिकत नाही. पुण्यात ‘जीवितनदी’ संस्थेने मुळा-मुठेचे काठ लोकांना दत्तक घ्यायला लावले, ते एकाच तुकड्यावर पुन्हा पुन्हा यावं म्हणून. पक्ष्यांचंही तसंच: आशियाई पाणपक्षी गणना 1987 पासून दर जानेवारीत स्वयंसेवकांच्या बळावर चालते. टिटवी, खंड्या, ढोकरी ओळखता येणारा शाळकरी पोरगा तिथे तज्ज्ञाच्या बरोबरीने मोजू शकतो.

मात्र उलट टोकाचे दोन समजही पोसू नयेत. पाणी तपासायच्या, रंग बदलणाऱ्या पट्टीवरून “पाणी पिण्याजोगं आहे” असं कुणालाही सांगू नका. ते प्रयोगशाळेनेच सांगावं. आणि आपल्या नोंदवहीवरून लगेच कुणाला शिक्षा होत नाही. 1974 च्या जल प्रदूषण कायद्यानुसार कोर्टात चालेल असा सांडपाण्याचा नमुना राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या माणसानेच, नोटीस देऊन, ठरलेल्या रीतीने घ्यावा लागतो. तो घ्यायला मंडळाला कुठे आणि कधी बोलवायचं, हे मात्र तुमची वही सांगते.

वर पांढुर्ण्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीला, म्हणजे दगडफेकीच्या जत्रेला, याच जामच्या काठी हजारो लोक जमतात. खाली जाम कन्हानला मिळते आणि कन्हानचं पाणी नागपूरकरांच्या नळाला येतं. म्हणजे नोंद जामसांवलीची असली तरी वाचणारे दूरवर आहेत.

सुरुवातीला तीन जागा पुरेत: संगमाच्या वरची जाम, संगमाआधीची सर्पा आणि मंदिराच्या खालचा प्रवाह. जोडीने जा, पुरात उतरू नका, हाताला जखम असेल तर हातमोजे घाला. पहिली नोंद हनुमान जयंतीच्या गर्दीच्या आठवडाभर आधी करा, दुसरी गर्दी ओसरल्यावर.