श्रीधराचार्यांची रीत

वर्गसमीकरण सोडविताना अपूर्णांकांच्या जंजाळात सापडणाऱ्या विद्यार्थ्याने श्रीधराचार्यांची रीत अवश्य अंगीकारावी. त्यांचा मूळ बीजगणितग्रंथ कालौघात लुप्त झाला असला, तरी बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी आपल्या ‘बीजगणिता’त तिचा नामनिर्देशपूर्वक उल्लेख केल्यामुळे ती आपणांपर्यंत पोहोचली आहे. क्षवर्गाच्या सहगुणकाच्या चौपटीने दोन्ही बाजूंस गुणावे आणि मग क्षच्या मूळ सहगुणकाचा वर्ग दोहोंत मिळवावा, एवढाच काय तो कायदा. ३क्ष² + ५क्ष = २ या समीकरणास १२ ने गुणून २५ मिळविले असता, मध्ये एकही अपूर्णांक न शिरता, (६क्ष + ५)² = ४९ असा पूर्ण वर्ग हजर होतो; पाठ्यपुस्तकातील सूत्रापेक्षा हे अधिक देखणे, असे आमचे मत. पुढे ६क्ष + ५ = ७ किंवा −७, म्हणून क्ष = १/३ अथवा −२. ऋण वर्गमूळ मात्र विसरू नये. अन्यथा दुसरे उत्तर हातचे जाते.