हक्काची वाट (भाग ६) : चौकशीला येणारा माणूस

संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे निकष आपण गेल्या आठवड्यात पाहिले. योजना १९८० पासून चालू आहे, निराधारांसाठी वार्षिक कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा २१ हजार रुपये आहे आणि दरमहा १,५०० रुपये मिळतात. निकष वाचले की वाटतं, आता फक्त अर्ज भरायचा. खरी अडचण तिथूनच सुरू होते, आणि ती सुटणार की नाही हे बरंचसं गावचा तलाठी कोण आहे यावर ठरतं.

परित्यक्तेचं घ्या. विधवेकडे नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला असतो, घटस्फोटितेकडे कोर्टाचा हुकूमनामा. नवऱ्याने नुसतंच टाकून दिलेल्या बाईकडे काय असतं? तो शहरात गेला, तिकडे दुसरं घर केलं, इकडे रेशनकार्डावर त्याचं नाव तसंच. कागदोपत्री ती नांदती बाई. खरं काय ते शेजारीपाजारी सांगणार, आणि ते ऐकून चौकशीत नोंदवणारं कुणीतरी हवं. तलाठीभाऊसाहेब वाडीवर गेले, चार घरी विचारलं, तर तिचा अर्ज उभा राहतो. कार्यालयात बसूनच ‘कोर्टाचा कागद आणा’ म्हणाले, तर तो तिथेच संपतो. कोर्टात जायला वकील लागतो, त्याच्या फीचे पैसे ती आणणार कुठून?

उत्पन्नाच्या दाखल्याचंही तेच. तीनशे रुपये रोजाने सत्तर दिवस मजुरी केली की २१ हजार होतात. ही मर्यादा वाढवायलाच हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. तोवर चौकशी करणाऱ्याने काम वर्षातून किती दिवस मिळतं, आजारपणात किती दिवस घरी गेले, हे बसून विचारलं पाहिजे. अंदाजाने आकडा टाकला की खरी गरजू बाई बाहेर राहते.

आता अनुदान थेट बँक खात्यात येतं. मधले हात गेले, हे उत्तम झालं. पण हप्ता थांबला की कारण सांगणारं कुणी नसतं. आधार जोडलेलं नाही, हयातीचा दाखला राहिला, खुरपं धरून झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्र घेत नाही. आजीला मात्र एवढंच कळतं की पैसे आले नाहीत. अशा वेळी तहसीलच्या संजय गांधी शाखेतल्या कारकुनाने गावच्या अंगणवाडीताईंना फोन करून ‘अमक्या आजींना बँकेत घेऊन जा, खातं आधारला जोडायचं राहिलंय’ असं सांगितलं, तर महिनोन् महिने अडलेलं काम मार्गी लागतं. असे कारकून आहेत. त्यांची नोंद कुठल्याही अहवालात होत नाही.

या कामासाठी गावपातळीवर वेगळा अधिकारी नाही. तलाठ्याकडे सातबारा, फेरफार, पीकनुकसानीचे पंचनामे, निवडणुका, आणि सज्जात बहुधा एकापेक्षा जास्त गावं. अलीकडे ग्राम महसूल अधिकारी हे नवं पदनाम मिळालं, कामाचा डोंगर तोच राहिला. म्हणून ज्याला कळकळ आहे तो निराधारांचं काम करतो, आणि त्याची बदली झाली की ते थांबतं. प्रत्येक महसूल मंडळात निदान एक माणूस फक्त याच कामाला हवा, फिरतीचा भत्ता आणि दाखल्यावर सही करण्याचा अधिकार देऊन.

पुढील आठवड्यात : अर्ज नामंजूर झाला तर दाद कुठे मागायची?