खारीचा वाटा कोणत्या रकान्यात लिहायचा?

आजचा विषय प्रयोगशाळेतलाच आहे, पण पेशींचा किंवा जनुकांचा नाही. दहा-पंधरा विद्यार्थी मिळून सिंथेटिक बायोलॉजीचा एक प्रकल्प करतात, तेव्हा कोणी काय केलं हे कसं लिहायचं, एवढाच आपला आजचा प्रश्न आहे. ऐकायला किरकोळ वाटतो. पण प्रकल्प संपता संपता संघात जी कुरबूर सुरू होते, ती बऱ्याचदा याच प्रश्नावरून. आणि पुढच्या शिक्षणाच्या अर्जात एखादीचं वर्षभराचं काम दिसतं की नाही, हेही यावर ठरतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. सिंथेटिक बायोलॉजी म्हणजे डीएनएचे तुकडे यंत्राच्या सुट्या भागांसारखे जोडायचे आणि सजीव पेशीकडून एखादं नवं काम करून घ्यायचं. या क्षेत्रातली विद्यार्थ्यांची मोठी स्पर्धा म्हणजे आयजेम. २००३ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये एका छोट्या अभ्यासवर्गातून तिची सुरुवात झाली. २००४ मध्ये पाच संघांची स्पर्धा झाली. आज जगभरातून दरवर्षी शेकडो संघ येतात. पुण्याची आयसर, मुंबईची आयसीटी अशा संस्थांचे संघही त्यात उतरलेले आहेत. या स्पर्धेची एक अट अशी, की कोणतं काम कोणी केलं, बाहेरून कोणाची काय मदत झाली, हे प्रत्येक संघानं जाहीरपणे लिहायचं. हा तपशील ब्राँझपदकाच्या निकषांमध्येच आहे. म्हणजे बाकी प्रकल्प कितीही चांगला असो, ही पायरी ओलांडून पुढे जाता येत नाही.

अशी अट का? कारण परीक्षण विद्यार्थ्यांच्या कामाचं करायचं असतं. संघाकडे येणारं सगळं काही संघानं केलेलं नसतं. प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत आधीपासून तयार असलेला जिवाणू, एखाद्या कंपनीनं बनवून पाठवलेला डीएनए, पीएचडीच्या विद्यार्थ्यानं शिकवलेली पद्धत, हे सगळं त्यात मिसळलेलं असतं. ते वेगळं करून दाखवलं नाही, तर परीक्षक नक्की कशाला गुण देतात हे त्यांनाच कळणार नाही.

आता एक काल्पनिक संघ घेऊ. त्यांना पिण्याच्या पाण्यातलं आर्सेनिक ओळखणारा जिवाणू बनवायचा आहे. कल्पना अगदी हवेतली नाही. एडिनबरा विद्यापीठाच्या संघानं २००६ च्या आयजेममध्ये याच विषयावर काम केलं होतं. आपल्या संघात काय काय होईल? एकजण शोधनिबंध वाचून योग्य जनुकीय कळ निवडेल. दुसरी प्रायमर डिझाइन करेल. तिसरी दोन महिने क्लोनिंग करत राहील आणि ते जमणार नाही. चौथा गणिती मॉडेल लिहील. पाचवी गावात जाऊन विहिरींच्या पाण्याबद्दल लोकांशी बोलेल. सहावा निधीसाठी पन्नास पत्रं पाठवेल. कोणीतरी सुरक्षेचे अर्ज भरेल, कोणीतरी चित्रं काढेल. शिवाय रोज सकाळी काचसामान धुऊन, ऑटोक्लेव्ह लावून ठेवणारे प्रयोगशाळेतले कर्मचारी आहेतच.

आणि शेवटी लिहिलं काय जातं? 'आम्ही जिवाणू तयार केला.' किंवा त्याहून वाईट, 'जिवाणू तयार करण्यात आला.' मराठीतलं हे 'करण्यात आलं' मोठं सोयीचं आहे. सरकारी परिपत्रकात ते चालतं, कारण तिथे कर्ता लपवायचाच असतो. प्रयोगवहीत ते चालत नाही. आपल्या भाषेत 'आपण' आणि 'आम्ही' असे दोन वेगळे शब्द आहेत. ऐकणारा आत आहे की बाहेर, हे त्यांतून कळतं. पण आतल्या माणसांपैकी काम नेमकं कोणी केलं, हे दोन्ही शब्द सांगत नाहीत. ते सांगायला नावापुढे 'नं' लावावा लागतो. अमुकनं केलं. तमुकनं केलं.

कोणी म्हणेल, एवढा हिशोब कशाला? आपल्याला आठवतंच की. इथेच खरी अडचण आहे. मायकेल रॉस आणि फियोर सिकोली या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी नवरा-बायकोला वेगवेगळं विचारलं, की घरातल्या अमुक कामात तुमचा वाटा किती? दोघांच्या उत्तरांची बेरीज बहुतेक जोडप्यांत पूर्णापेक्षा जास्त भरली. गंमत म्हणजे भांडण सुरू करण्यासारख्या गोष्टींतही तसंच झालं. म्हणजे हा निव्वळ बढाईचा प्रकार नव्हता. आपलं काम आपण जवळून पाहिलेलं असतं, ते चटकन आठवतं. दुसऱ्याचं आपल्यासमोर घडलेलंच नसतं. दोघांच्या संसारात ही स्थिती, तर बाराजणांच्या संघात काय होईल? प्रत्येकाला प्रामाणिकपणे वाटेल की सिंहाचा वाटा आपलाच, आणि कोणीही खोटं बोलत नसेल. म्हणून आमचं पहिलं सांगणं हे, की श्रेयाची नोंद शेवटी आठवून करायची गोष्ट नाही. ती काम चालू असतानाच व्हायला हवी.

पण नोंद म्हणजे नेमकं कशासाठी? आम्हाला वाटतं, श्रेयाकडे बक्षिसाची वाटणी म्हणून पाहिलं की भांडण अटळ असतं. कारण बक्षीस एकच, आणि वाटेकरी दहा. त्याऐवजी श्रेय हा एक पत्ता आहे असं समजा. या आकृतीबद्दल शंका आली तर कोणाला विचारायचं? उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमधल्या या नळीत नक्की काय आहे, हे पुढच्या वर्षीच्या संघाला कोण सांगेल? हा निष्कर्ष चुकीचा निघाला तर उत्तर कोण देईल? ज्याचं नाव, त्याची जबाबदारी. असं पाहिलं की नाव लिहून घेण्याची घाई आपोआप थोडी कमी होते आणि खरोखर काम केलेल्यांची नावं राहून जाणं जास्त खटकू लागतं.

सिंथेटिक बायोलॉजीतल्या जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्यानं जीएफपी वापरलेलं असतं. जेलीफिशमधून मिळालेलं, हिरवं चमकणारं प्रथिन. आपला जनुक चालू झाला की नाही हे त्यावरून डोळ्यांना दिसतं. ओसामू शिमोमुरा यांनी १९६२ मध्ये ते वेगळं केलं. त्याचा जनुक मिळवून त्याचा क्रम प्रसिद्ध केला तो डग्लस प्रॅशर यांनी, १९९२ मध्ये. पुढचं काम करायला त्यांना निधी मिळाला नाही. त्यांनी तो जनुक मार्टिन चाल्फी आणि रॉजर त्सिएन यांना देऊन टाकला आणि स्वतः त्या कामातून बाहेर पडले. २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन या तिघांना मिळालं. एक नोबेल तिघांपेक्षा जास्त जणांत वाटत नाहीत. प्रॅशर तेव्हा अलाबामात मोटारींच्या एका विक्रेत्याकडे ग्राहकांना सोडायची गाडी चालवत होते. चाल्फी आणि त्सिएन यांनी त्यांना समारंभासाठी स्टॉकहोमला बोलावलं, पुढे काही काळ प्रॅशर त्सिएन यांच्या प्रयोगशाळेत कामालाही गेले.

ही गोष्ट आपण सहसा अन्यायाची म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेही. पण दुसरी बाजू बघा. ती आज आपल्याला माहीत का आहे? कारण १९९२ च्या निबंधावर प्रॅशर यांचं नाव आहे. जीएफपी दुसऱ्या जिवांतही चमकतं हे दाखवणाऱ्या चाल्फी यांच्या १९९४ च्या निबंधातही सहलेखक म्हणून त्यांचं नाव आहे. नोंद बक्षीस मिळवून देईलच असं नाही. पण नोंद असेल तर अन्याय झाला हे निदान दाखवता येतं. ज्यांची नोंदच नाही, त्यांच्यावर अन्याय झाला की नाही हेसुद्धा कोणाला कळत नाही.

आता व्यवहाराकडे येऊ. मोठ्या संशोधनात 'क्रेडिट' नावाची एक पद्धत रुळली आहे. तिच्यात चौदा भूमिका आहेत: संकल्पना मांडणं, पद्धत ठरवणं, प्रत्यक्ष प्रयोग करणं, सॉफ्टवेअर लिहिणं, माहिती नीट जतन करणं, निधी आणणं, देखरेख करणं, पहिला मसुदा लिहिणं, तो सुधारणं, वगैरे. २०२२ मध्ये अमेरिकेत तिला अधिकृत मानकाचा दर्जा मिळाला. या यादीत आम्हाला एक गोष्ट विशेष आवडते. 'प्रयोग करणं' ही भूमिका देताना प्रयोग यशस्वी झाला का, असं ती विचारत नाही. आपल्या संघातली दोन महिने क्लोनिंग न जमलेली मुलगी आठवा. तिच्यामुळेच बाकीच्यांना कळलं की या मार्गानं जायचं नाही. शेवटच्या सादरीकरणात तिची एकही आकृती नसेल. नोंदीत मात्र तिची ओळ हवीच: कोणत्या तारखांना, कोणत्या पद्धतीनं, किती वेळा प्रयत्न केला.

विद्यार्थ्यांच्या संघाला एवढी मोठी यंत्रणा लागत नाही. एक तक्ता पुरे, तीन रकान्यांचा. पहिल्यात काम, दुसऱ्यात ते कोणी केलं, तिसऱ्यात त्याचा पुरावा कुठे आहे: प्रयोगवहीचं पान, फाइलचं नाव, फ्रीजरमधला डबा. आठवड्याच्या बैठकीत पंधरा मिनिटं द्या आणि तो तिथेच भरा.

भरताना क्रियापदं जपून वापरा. 'मदत केली' आणि 'मार्गदर्शन केलं' ही सगळ्यांत पोकळ क्रियापदं. 'सरांनी मार्गदर्शन केलं' यातून काहीच कळत नाही. 'सरांनी प्रयोगशाळेतली जागा दिली आणि नियंत्रणाचा नमुना नसल्याचं लक्षात आणून दिलं; प्रयोगाची नवी आखणी आम्ही केली' यातून सगळं कळतं. इथे सरांचा मान राखला जातो आणि मुलांचं कामही झाकलं जात नाही. तसंच उलटही. पाच प्लाझ्मिडांपैकी तीन आधीच तयार होते, तर तसं लिहा. त्यानं संघाचं काम लहान होत नाही, उरलेल्या दोनांवर विश्वास बसतो.

नोंद एकट्या संघप्रमुखानं लिहू नये. प्रत्येकानं स्वतःची ओळ लिहावी आणि शेजारच्याची तपासावी. परीक्षेमुळे जूनमध्ये संघ सोडून गेलेल्याची ओळ पुसू नये. बाहेरच्या लोकांचं नाव घालण्याआधी त्यांना विचारावं. विहिरीच्या पाण्याबद्दल मोकळेपणानं बोललेल्या माणसाला गावाच्या नावासकट जाहीर व्हायचं नसेल, तर त्याचं म्हणणं नोंदवा, नाव गाळा. आणि खारीचा वाटा? त्यालाही ओळ द्या. रोज ऑटोक्लेव्ह लावणाऱ्या मावशींचं नाव 'इतर सर्वांचे आभार' या वाक्यात बुडवू नका.

शेवटी दोन प्रश्न आले आहेत. पहिला: तक्त्यात नाव आहे म्हणजे शोधनिबंध निघाला तर प्रत्येकजण लेखक होतो का? नाही. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या समितीचे निकष अनेक ठिकाणी वापरले जातात. त्यांत चार गोष्टी एकत्र लागतात: कामात भरीव वाटा, लेखनात किंवा त्याच्या सुधारणेत सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता आणि कामाबद्दल उत्तर देण्याची तयारी. नुसता निधी आणला किंवा नुसती जागा दिली म्हणून कोणी लेखक होत नाही. त्याची जागा ऋणनिर्देशात. मात्र ज्यानं भरीव काम केलं आहे, त्याला मसुदा दाखवलाच नाही आणि मग 'लेखनात भाग नव्हता' म्हणून वगळलं, असं करता येत नाही. संधी सगळ्यांना द्यायची.

दुसरा प्रश्न: एआयकडून प्रोग्राम किंवा मजकूर लिहून घेतला तर? कशासाठी वापरलं ते तक्त्यात स्पष्ट लिहा. लेखक म्हणून त्याचं नाव घालता येत नाही, कारण उद्या चूक निघाली तर ते उत्तर द्यायला येणार नाही. तो प्रोग्राम तपासून ज्यानं प्रकल्पात घेतला, त्याचं नाव दुसऱ्या रकान्यात येईल.

तुमचा संघ या वर्षीचा प्रकल्प सुरू करत असेल, तर विषय ठरवण्याच्या पहिल्याच बैठकीत हा तक्ता उघडा. त्या दिवशी त्यात एकच ओळ असेल: विषय कोणी सुचवला. तीही लिहून ठेवा. दहा महिन्यांनी ती तिघांना आठवेल, आणि तिघांनाही वाटेल की तो आपणच सुचवला होता.